प्रसूतीची पाठशाळा

१

गेल्या वर्षी आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा तिच्या सामानात दुपटी-टोपड्यांच्या गाठोड्याबरोबर एक जाडजूड वहीही होती. गर्भवती स्त्रिया व त्यांचे पती यांच्यासाठी जे वर्ग अलीकडे शहरोशहरी चालतात, त्यांपैकी एका वर्गाची ती टिपणवही. गर्भाशयाचे मुख कसे उघडते, कळांचे टप्पे कोणते, कोणत्या टप्प्याला श्वास कसा घ्यावयाचा, उभे केव्हा राहावयाचे व टेकावयाचे केव्हा, हे सर्व तीत सुवाच्य अक्षरांत आकृत्यांसह उतरून घेतलेले होते. आमचे जावईही दर रविवारी तिच्याबरोबर त्या वर्गास जात, आणि कळा येत असता पाठ कशी चोळावी याचा अभ्यास घरी येऊन करीत. आमच्या घरी ऐंशी उलटलेली आत्या आहे. हा प्रकार पाहून ती म्हणाली, "आमच्या वेळी पुरुषांना त्या खोलीच्या उंबऱ्याशीसुद्धा येऊ देत नसत. आता त्यांना कळा यायच्या तेवढ्या राहिल्यात!"

प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा कळा अठरा तास चालल्या. पुढे पुढे मुलीने पाठीच्या कण्यातून द्यावयाचे वेदनाशामक औषध मागून घेतले, आणि शेवटी बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागल्यामुळे डॉक्टरांना शस्त्रक्रिया करावी लागली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पेढे वाटले गेले, आत्याने दृष्ट काढली. परंतु तिसऱ्या दिवशी आम्ही एकटेच तिच्याजवळ बसलो असता ती हळूच म्हणाली, "बाबा, एवढा अभ्यास केला आणि शेवटी मी नापासच झाले."

आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवीत आलो आणि तितकीच वर्षे उत्तरपत्रिका तपासीत आलो. 'नापास' हा शब्द आमच्या नित्य परिचयाचा आहे. परंतु तो इतक्या अस्थानी उच्चारलेला आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. जी विद्या स्त्रीच्या मनातील भय घालविण्यासाठी जन्मास आली, तिच्यातून हे नवे भय कोठून उत्पन्न झाले? या प्रश्नाचा माग काढीत आम्ही जे वाचले, त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवीत आहो.

२

प्रसूतीच्या वेदना टाळता येतील काय, हा प्रश्न युरोपात वैद्यकाने विचारण्यापूर्वीच धर्माने त्याचे उत्तर देऊन ठेवले होते. बायबलाच्या आरंभीच्या कथेत ईव्हेला जो शाप मिळाला, त्यात अपत्ये दुःखाने प्रसवण्याचा शाप आहे. तेव्हा वेदना कमी करणे म्हणजे ईश्वरी निवाड्यात हात घालणे होय, असे म्हणणारे पुष्कळ होते. एडिंबरोचा प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन याने इ. स. १८४७ च्या जानेवारीत प्रसूतीच्या वेळी ईथर वापरले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरले. आक्षेप येताच त्याने बायबलातूनच उत्तर दिले. आदमाची बरगडी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ निद्रा आणलीच होती की नाही? पुढे ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्ड याच्या जन्माच्या वेळी डॉ. जॉन स्नो याच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले, आणि विरोधाची धार पुष्कळशी बोथट झाली. जे राणीला चालते ते प्रजेला निषिद्ध कसे म्हणावे?

आपल्याकडे असा शाप नव्हता, पण सोयर होते. बाळंतिणीची खोली अंधारी आणि कोंदट असे, व तिकडे पुरुषाने फिरकावयाचे नाही असा दंडक असे. तथापि त्या खोलीत शिक्षण मुळीच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. आई, थोरली जाऊ, शेजारची चार लेकरांची आई आणि सुईण यांच्या तोंडून पहिलटकरणीला जे कळावयाचे ते कळत असे. कोणत्या कळा खऱ्या आणि कोणत्या फसव्या, पाठ कोठे दाबावी, धीर केव्हा धरावा आणि जोर केव्हा करावा, याची ती विनावहीची पाठशाळाच होती. तिचे सामर्थ्य सहवासात होते. तिची दुर्बलता अशी की, सर्व सुरळीत असेपर्यंतच तिची विद्या उपयोगी पडे. मूल आडवे आले किंवा रक्तस्राव थांबेना, म्हणजे नवसापलीकडे तिला उपाय नसे.

ही दुर्बलता जिने स्वतः अनुभवली, अशी एक मराठी स्त्री इतिहासात प्रसिद्ध आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्यांनी पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. या विषयाची निवड केवळ योगायोगाने झाली असेल असे आम्हांस वाटत नाही.

३

विसाव्या शतकाच्या आरंभी सुशिक्षित पाश्चात्त्य स्त्रीला वेदनेतून सुटण्याचा एक नवा मार्ग दाखविण्यात आला. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील क्रोनिग आणि गाउस या दोन डॉक्टरांनी १९०६ च्या सुमारास मॉर्फीन आणि स्कोपोलामीन या औषधांच्या योगाने स्त्रीला एका तंद्रीत ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला 'संधिप्रकाशातील निद्रा' असे काव्यमय नाव मिळाले. १९१४ साली एका अमेरिकन मासिकातील लेखाने या पद्धतीचा बोलबाला केला, आणि त्याच वर्षी तिच्या प्रसारासाठी स्त्रियांनी संघही स्थापिला. मताधिकारासाठी झगडणाऱ्या कित्येक स्त्रिया या चळवळीत होत्या, कारण वेदनेपासून मुक्ती हाही त्यांच्या मते एक हक्कच होता.

परंतु या निद्रेचे मर्म विचार करण्याजोगे आहे. तिच्यात वेदना फारशी नाहीशी होत नसे. नाहीशी होई ती वेदनेची आठवण. स्त्री ओरडे, तडफडे, हातपाय झाडी, म्हणून तिचे डोळे झाकीत आणि प्रसंगी तिला बांधूनही ठेवीत. जागी झाल्यावर तिला काहीच स्मरत नसे आणि ती डॉक्टरांचे आभार मानी. १९१५ साली या चळवळीच्या पुढारी स्त्रियांपैकी एक स्वतःच्याच बाळंतपणात मृत्यू पावली. तिच्या मृत्यूचा औषधाशी संबंध नाही असे तिच्या आप्तांनी सांगितले, तरी चळवळीचा जोर ओसरला. औषधे मात्र राहिली, आणि पुढील कित्येक दशके अमेरिकन रुग्णालयांत हाच परिपाठ पडला.

याच काळात दुसऱ्या एका दिशेने लहानसा आरंभ झाला होता. अमेरिकन सरकारने १९१२ साली बालकांच्या हितासाठी एक खाते काढले, आणि त्या खात्याने १९१३ साली गर्भवती स्त्रियांसाठी एक पुस्तिका छापली. ती मेरी मिल्स वेस्ट या लेखिकेने लिहिली होती. आहार, विश्रांती, कपडे, डॉक्टरांना केव्हा बोलवावे, कोणत्या समजुती खोट्या, हे तीत साध्या भाषेत सांगितले होते. सामान्य गृहिणीला गर्भारपण समजावून सांगणे हे सरकारचे काम आहे, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती. तथापि पुस्तिका प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत येऊन थांबे. दाराच्या आत काय होते व ते कसे पार पाडावे, हे शिकविणारा कोणी अद्याप पुढे आला नव्हता.

४

तो पुढे आला इंग्लंडात. ग्रँटली डिक-रीड (१८९०-१९५९) हा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लंडनच्या व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तीतील रुग्णालयात उमेदवारी करीत होता. एका पावसाळी रात्री एका गरीब घरी प्रसूतीसाठी गेला असता त्याने त्या स्त्रीपुढे क्लोरोफॉर्म धरले आणि तिने ते नम्रपणे नाकारले. मूल शांतपणे जन्मले. नंतर त्याने कारण विचारले, तेव्हा दुखले नाही असे तिने सांगितले, आणि दुखावयास हवे होते काय, असा उलट प्रश्न त्यालाच केला. हा प्रश्न त्याच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

पुष्कळ वर्षांच्या निरीक्षणानंतर त्याने जो सिद्धान्त मांडला, त्याच्या तीन कड्या आहेत: भय, ताण आणि वेदना. आया-बायांच्या भयंकर कहाण्या ऐकून स्त्री भ्याली, म्हणजे तिचे स्नायू आखडतात. स्नायू आखडले, म्हणजे उघडू पाहणाऱ्या गर्भाशयमुखास प्रतिकार होतो व वेदना वाढते. वेदना वाढली की भय दुणावते. हे चक्र तोडावयाचे तर भयाच्या ठिकाणीच तोडले पाहिजे, आणि भय तुटते ते ज्ञानाने. १९३३ साली त्याचे 'नैसर्गिक प्रसूती' या विषयावरील पहिले पुस्तक निघाले. १९४२ सालच्या दुसऱ्या पुस्तकाने, विशेषतः त्याची अमेरिकन आवृत्ती १९४४ साली 'भयाविना प्रसूती' अशा अर्थाच्या नावाने निघाल्यानंतर, त्याचे नाव जगभर झाले. गर्भवतींना शरीराची रचना समजावून सांगणे, स्नायू सैल सोडण्याचा सराव करविणे, आणि प्रसूतीच्या वेळी त्यांना एकटे न सोडणे, हा त्याचा कार्यक्रम होय. आजच्या प्रत्येक वर्गाचा पाया येथे आहे.

परंतु पायातच एक तडाही आहे. रानटी समाजांतील स्त्रिया विनासायास प्रसवतात आणि सुधारणेने भ्यालेल्या स्त्रियांनाच तेवढ्या वेदना होतात, असे डिक-रीड मानीत असे. मातृत्वातच स्त्रीजन्माची परिपूर्ती आहे, हाही त्याचा आग्रह होता. यातून असा ध्वनी निघतो की, जिला दुखले तिचे मन कोठेतरी उणे पडले. वेदनेचे खापर शरीरावरून मनावर आले. शापाची जागा दोषाने घेतली, एवढेच.

या मताला आपल्याच देशातील एक अनुभव छेद देतो. कॅथलीन व्हॉन ही इंग्रज स्त्री डॉक्टर काश्मिरात श्रीनगरच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम करीत असे. तिला असे दिसले की, पडद्यात वाढलेल्या मुलींना सूर्यप्रकाश व हालचाल न मिळाल्यामुळे त्यांची हाडे मऊ पडतात, ओटीपोटाचा सांगाडा वाकडा होतो, आणि प्रसूती प्राणावर बेतते. उलट नावेवर राहणाऱ्या, वल्ही मारणाऱ्या हांजी बायका त्याच शहरात सहजी प्रसवत. १९२८ साली तिने पडद्याच्या या परिणामांवर पुस्तक लिहिले. तिच्या लेखी भेद धीट मनाचा आणि भित्र्या मनाचा नव्हता. तो उन्हाचा आणि अंधाराचा होता. ज्या मुलीची हाडेच वाकली आहेत, तिला निर्भय होण्याचा उपदेश करून काय उपयोग?

५

इंग्लंडात हा विचार पसरत असता, त्याच्याशी संबंध नसलेला असा दुसरा एक प्रवाह सोव्हिएत रशियात उगम पावत होता. त्याचे मूळ पाव्हलॉव्हच्या सुप्रसिद्ध प्रयोगांत आहे. अन्नाबरोबर नित्य विशिष्ट खूण मिळत गेली, म्हणजे पुढे त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. मनुष्याच्या बाबतीत अशी सर्वांत प्रबळ खूण म्हणजे शब्द. 'कळ' या शब्दाला पिढ्यान्‌पिढ्या वेदनेची संगत जडली आहे. ती संगत मोडून तिच्या जागी दुसरी जोडता आली, तर वेदनाही ओसरेल, असा तर्क युक्रेनमधील खारकीव्ह येथील वेल्व्होव्हस्की आणि त्याचे सहकारी यांनी लढविला. आरंभी तेथे संमोहनाचे प्रयोग झाले होते. परंतु प्रत्येक स्त्रीला संमोहित करण्यास वेळ व तज्ज्ञ पुरेनात. तेव्हा जागेपणीच, अनेकींना एकत्र बसवून, व्याख्यानांनी व सरावाने तोच परिणाम साधण्याची पद्धत १९४९ च्या सुमारास पुढे आली. लेनिनग्राडच्या निकोलायेव्ह या प्रसूतितज्ज्ञाने तिला पाठिंबा दिला, आणि १९५१ साली सोव्हिएत आरोग्यखात्याने ती देशभर लागू करण्याचा हुकूम काढला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात भुलीची औषधे दुर्मिळ होती, हेही या तत्परतेचे एक कारण होते. औषध महाग आणि शब्द स्वस्त!

त्याच १९५१ साली फ्रेंच डॉक्टरांचे एक मंडळ रशियात गेले. त्यात फेर्नां लामाझ नावाचा साठीच्या घरातील एक प्रसूतितज्ज्ञ होता. लेनिनग्राड येथे एक स्त्री कोणतेही औषध न घेता, शांत राहून, प्रसूत झालेली त्याने पाहिली आणि तो थक्क झाला. आपण इतकी वर्षे केलेले काम पुन्हा पहिल्यापासून शिकले पाहिजे, असे त्या वयात ज्याला वाटले, त्या शिक्षकाविषयी आम्हांस आदर वाटल्यावाचून राहात नाही. पॅरिसला परतल्यावर धातुकामगारांच्या संघाने चालविलेल्या ब्लुए रस्त्यावरील रुग्णालयात त्याने १९५२ पासून ही पद्धत सुरू केली. तीत त्याने जलद व उथळ श्वसनाची भर घातली, आणि प्रत्येक स्त्रीजवळ प्रसूतीच्या वेळी एक शिकविलेली सहायिका राहील अशी व्यवस्था केली.

त्या काळी जगाची दोन तट पडून वाटणी झाली होती. रशियातून आलेली आणि साम्यवादी वळणाच्या कामगारसंघाच्या रुग्णालयात वाढलेली ही पद्धत कॅथलिक फ्रान्समध्ये संशयास पात्र व्हावी यात नवल नाही. परंतु ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांच्या सभेपुढे या विषयावर भाषण केले आणि नीतीच्या दृष्टीने या पद्धतीत आक्षेपार्ह काही नाही असा निर्वाळा दिला. ती जडवादी विचारसरणीच्या देशात निघाली एवढ्याने तिची शास्त्रीय किंमत कमी होत नाही, आणि ईव्हेच्या कथेचा अर्थ वेदनेवर उपाय करू नये असा नाही, हेही त्यांनी सांगितले. सिम्प्सनला जे उत्तर एकट्याने द्यावे लागले होते, ते शंभरांहून अधिक वर्षांनी रोमच्या धर्मपीठाने दिले.

६

लामाझ १९५७ साली वारला. त्याचे नाव मात्र अमेरिकेत अमर झाले, आणि ते एका बाळंतिणीमुळे. मार्जरी कार्मेल ही अमेरिकन स्त्री १९५५ साली पॅरिसमध्ये त्याच्या देखरेखीखाली प्रसूत झाली. मायदेशी परतल्यावर तिने १९५९ साली त्याचे आभार मानणारे पुस्तक लिहिले, आणि बर्लिनहून नात्झींच्या भयाने निघून आलेल्या एलिझाबेथ बिंग या व्यायामोपचारतज्ज्ञ स्त्रीसह १९६० साली या पद्धतीच्या प्रसारासाठी संस्था काढली. आश्चर्य असे की, या प्रवासात वेल्व्होव्हस्की व निकोलायेव्ह ही नावे जवळजवळ गळून पडली. खारकीव्हची विद्या अमेरिकेत पॅरिसची म्हणून नांदू लागली.

त्या विद्येची तेथे नड होती. १९५७-५८ मध्ये एका अमेरिकन स्त्री-मासिकात एका परिचारिकेचे पत्र प्रसिद्ध झाले व त्यापाठोपाठ शेकडो मातांची पत्रे आली. प्रसूतिगृहांत स्त्रियांना तासन्‌तास बांधून ठेवतात, एकटे टाकतात, दरडावतात, अशी ती गाऱ्हाणी होती. अशा स्थितीत कळा येत असलेल्या स्त्रीजवळ कोणीतरी आपले माणूस हवे, ही मागणी उठली. पॅरिसमध्ये हे काम शिकविलेली सहायिका करी. अमेरिकेत तशा सहायिका नव्हत्या, म्हणून ते काम पतीकडे आले. १९६५ साली डेन्व्हरच्या रॉबर्ट ब्रॅडली या डॉक्टराने पतीच्या मार्गदर्शनाखाली प्रसूती अशा अर्थाच्या नावाचे पुस्तकच लिहिले. बापाला प्रसूतिगृहाचे दार उघडले गेले ते असे, काही अंशी तत्त्वाने आणि काही अंशी माणसांच्या तुटवड्याने. आमच्या जावयाचे दर रविवारचे जाणे या वंशावळीतले आहे.

इंग्लंडात १९५६ साली प्रुनेला ब्रायन्स या स्त्रीने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन समविचारी लोकांना हाक दिली. ती स्वतः प्रसूतीत अपत्य गमावून बसली होती. त्या हाकेतून जी संस्था उभी राहिली, ती गर्भवतींचे वर्ग चालविणारी तेथील प्रमुख संस्था झाली. आनंदीबाईंची आठवण येथे सहजच होते. या विद्येच्या वाटेवर रिकाम्या पाळण्यांची खूण वारंवार भेटते.

७

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. 'नापास' हा शब्द कोठून आला?

तो या पद्धतीच्या दप्तरातच होता. ब्लुए रस्त्यावरील रुग्णालयात प्रत्येक प्रसूतीनंतर तिची प्रतवारी लावीत. 'उत्कृष्ट' पासून 'संपूर्ण अपयश' पर्यंत तिच्या पायऱ्या होत्या, आणि स्त्री किती तळमळली व किती ओरडली यावर तिची श्रेणी ठरे. म्हणजे परीक्षक डॉक्टर, आणि परीक्षार्थी जिच्या पोटात कळ आहे ती. इंग्लंडातील शीला किट्झिंगर या मानववंशशास्त्रज्ञ लेखिकेने, जिने स्वतः प्रसूतिशिक्षणास आयुष्य वाहिले, या वृत्तीवर टीका केली आहे. आपला सिद्धान्त खरा ठरावा अशी इच्छा प्रत्येक शिक्षकास असते. तो खरा ठरला नाही, म्हणजे दोष सिद्धान्ताचा की विद्यार्थ्याचा, असा प्रश्न पडतो, आणि विद्यार्थ्याकडे बोट दाखविणे सोपे असते. आम्ही स्वतः शिक्षक आहोत. वर्गातील अर्धी मुले एकाच प्रश्नाला अडली असता, आपण तो नीट शिकविला नाही हे कबूल करावयास आम्हांसही पुष्कळ वर्षे लागली.

सिद्धान्ताची परीक्षा पुढे झाली. माँट्रियलच्या रोनाल्ड मेल्झॅक या वेदनाशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, शिक्षण घेतलेल्या पहिलटकरणींची वेदना न घेतलेल्यांहून काहीशी कमी असते. परंतु ती नाहीशी होत नाही, आणि पुष्कळ शिकलेल्या स्त्रियांनाही शेवटी औषध लागते. वेदनेची तीव्रता स्त्रीस्त्रीगणिक अतिशय भिन्न असते, हेही त्यात दिसून आले. तेव्हा वेदनारहित प्रसूतीचे आश्वासन खरे नव्हते. ज्ञानाने भय कमी होते हे खरे, पण सर्व वेदना भयाचीच लेक आहे हे खरे नव्हे. मूल कसे वळले आहे, हाडांची ठेवण कशी आहे, कळा किती तास चालल्या, याला वहीतील अभ्यास काय करणार?

मग या सर्व खटाटोपातून हाती काय राहिले? आमच्या मते एक फार मोलाची गोष्ट राहिली, आणि ती आरंभी जिकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते तीच. डिक-रीडने स्त्रीला एकटे सोडू नये म्हटले होते. लामाझने सहायिका बसविली होती. अमेरिकेने पतीला आत घेतले होते. १९८० साली ग्वाटेमाला देशातील एका गर्दीच्या रुग्णालयातील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही पहिलटकरणींजवळ केवळ एक स्त्री बसवून ठेवली होती. ती ना डॉक्टर, ना परिचारिका, ना नात्यातली. तिने पाठ चोळावी, हात धरावा, बोलत राहावे, एवढेच. ज्यांच्याजवळ ती होती, त्यांच्या कळांचा काळ इतरांच्या निम्म्याहूनही कमी निघाला. पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांत फरक इतका मोठा दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. १७ देशांतील २६ प्रयोग व १५,००० हून अधिक स्त्रिया यांचा जो एकत्रित आढावा २०१७ साली निघाला, त्यात सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, शस्त्रक्रियेचे कमी, आणि प्रसूतीची कटु आठवणही कमी असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्त्रीच्या पसंतीचे माणूस जवळ असावे अशी शिफारस केली. त्यापूर्वी २०१६ सालीच भारत सरकारने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नात्यातील अनुभवी स्त्रीला, आणि जेथे आडोशाची सोय असेल तेथे पतीलाही, जवळ राहू देण्याची मुभा दिली. आत्या ज्या खोलीची गोष्ट सांगते, त्या खोलीतील आई, जाऊ आणि सुईण पुन्हा आत बोलावल्या गेल्या, असेही याचे वर्णन करता येईल. मात्र आता त्यांच्या शेजारी डॉक्टर आहे, रक्त आहे, शस्त्रक्रियेची सिद्धता आहे. जुन्या पाठशाळेची दुर्बलता गेली आणि सामर्थ्य परत आले, तर याहून अधिक काय हवे?

तेव्हा प्रसूतीचे शिक्षण अवश्य असावे, आईला असावे आणि बापालाही असावे. परंतु शिक्षण दोन प्रकारचे असते. एक, ज्याच्या शेवटी परीक्षा आहे, आणि दुसरे, जे प्रवासाला निघणाऱ्याला वाटेची माहिती सांगावी तसे. घाटात दरड कोसळली आणि प्रवाशाला दुसऱ्या वाटेने यावे लागले, म्हणून तो नापास झाला असे कोणी म्हणत नाही. गर्भवतींच्या वर्गांत शस्त्रक्रिया व वेदनाशामक औषधे यांविषयी अपयश म्हणून नव्हे, तर वाटेवरील दुसरा फाटा म्हणून शिकविले पाहिजे, एवढीच आमची सूचना आहे.

८

शेवटी एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या या मुलीच्या जन्माच्या रात्री आम्ही एका प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात बाकावर बसून होतो. आत कोणीतरी स्त्री ओरडत होती आणि तिला कोणीतरी खेकसून गप्प करीत होते. ती ओरडणारी आमचीच पत्नी की दुसरी कोणी, हे आम्हांस कळले नाही, आणि आत जाऊन विचारण्याचे धैर्यही झाले नाही. पहाटे मुलगी झाल्याचे सांगण्यात आले. त्या आनंदात तो प्रश्न आम्ही मागे टाकला, आणि पुढे इतक्या वर्षांत तो पत्नीला कधी विचारला नाही.

मुलीच्या तोंडून तो शब्द ऐकला त्या संध्याकाळी आम्ही तो तिच्या आईला सांगितला. ती उठून मुलीच्या उशाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "नापास कसली ग? तुझ्या वेळी मी रात्रभर ओरडत होते. त्या बाईनं मला दोनदा दरडावलं, तरी ओरडायची थांबले नाही." मग तिने ती सबंध रात्र तासातासाने सांगितली. मुलगी ऐकत होती, मध्ये मध्ये आपलेही सांगत होती. जावई बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही दाराशी उभे होतो. तिने आम्हांस पाहिले व बोलणे न थांबविता खुर्चीकडे हात केला, तेव्हा आम्हीही आत जाऊन बसलो. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे इतक्या उशिरा मिळाले.

मुलगी सासरी गेली तेव्हा ती वही बरोबर घेऊन गेली. तिच्या नणंदेला आता दिवस गेले आहेत, आणि वही तिच्याकडे जावयाची आहे. जाण्यापूर्वी मुलीने मागची चार कोरी पाने भरली. कळा केव्हा सुरू झाल्या, औषध केव्हा घेतले, शस्त्रक्रियेच्या खोलीत काय दिसले, कोणी हात धरला होता, हे सर्व तीत आहे. आम्ही ती पाने वाचली. इतकी स्वच्छ माहिती आम्हांस कोणत्याही छापील पुस्तकात मिळाली नव्हती.